क जीवनसत्त्वाची कैफियत

किरनापुरात निवृत्त होऊन राहिलेल्या आमच्या नायबसाहेबांना अशी एक खोड आहे, की कोणताही विषय, मग तो धानाच्या भावाचा असो, नातीच्या लग्नाचा असो की स्वतःच्या प्रकृतीचा असो, त्यांच्यापुढे आला म्हणजे ते तो आधी अर्ज म्हणून दाखल करून घेतात, मग त्यावर साक्षीपुरावा मागतात, आणि छाननी पुरी झाल्यावाचून समोरच्याला उठू देत नाहीत. नायब तहसीलदारी सुटून पुष्कळ काळ लोटला, तरी तहसिलीची ती शिस्त त्यांच्या अंगातून गेलेली नाही. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टरीणबाई मूळच्या गोंदियाच्या. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, सरकारी दवाखान्यात नोकरीस, आणि स्वभावाने अशा, की वडील माणसाला 'काकाजी' म्हणावयास चुकावयाचे नाही, परंतु तो चुकीचे बोलला तर त्याला सोडावयाचेही नाही. मागल्या पौषात नायबसाहेबांच्या ओसरीवर या दोघांत जो वाद झाला त्याला मी हजर होतो, आणि दोघांपैकी कोणाचाही पक्ष मला त्या दिवशी पुरता घेता आला नाही, म्हणूनच तो लिहून ठेवावासा वाटतो.

निमित्त क्षुल्लक होते. पुण्यात नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी वडिलांसाठी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची भलीमोठी बरणी पाठविली होती. एकेका गोळीत एक हजार मिलिग्रॅम. महामारीच्या वर्षापासून नायबसाहेबांचा नेम असा, की सकाळी चहाच्या आधी एक गोळी आणि चहाच्या नंतर एक विडी. डॉक्टरीणबाईंनी बरणीवरचा आकडा वाचला आणि एवढेच विचारले, "काकाजी, मुतखडा विसरलात का?"

"मुतखड्याची मिसल वेगळी आहे," नायबसाहेब शांतपणे म्हणाले. "ती यथावकाश घेऊ. आधी मूळ अर्जावर बोला. अर्जदाराचे म्हणणे असे, की हे जे क जीवनसत्त्व, ते मनुष्याला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. बैलाला येते, कुत्र्याला येते. माझ्या गोठ्यातली शेळी बाभळीचा पाला खाऊन आपल्या यकृतात दिवसाला कित्येक ग्रॅम माल तयार करते, आणि मी, जो तिचा मालक म्हणवितो, तो या एका कलमापुरता माकड, वटवाघूळ आणि गिनीपिग यांच्या पंक्तीला बसतो, कारण ते तयार करणारे शेवटचे विकर आपल्या पूर्वजांच्या वंशात कोट्यवधी वर्षांमागेच निकामी झाले. आता जी वस्तू निसर्गाने इतर जनावरांना ग्रॅमच्या मापाने दिली, ती सरकारी कोष्टकाने मला 80 मिलिग्रॅमच्या मापाने मोजून द्यावी, हा कोणता न्याय? हा प्रश्न माझा नव्हे. लायनस पॉलिंग यांचा आहे. 1954 चे रसायनशास्त्राचे आणि 1962 चे शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके कोणाशीही वाटून न घेता मिळविणारा तो जगातला एकच पुरुष. त्याने 1970 साली अख्खे पुस्तक लिहून सांगितले, की हे जीवनसत्त्व ग्रॅमच्या मापाने घ्या, पडसे जवळ येणार नाही. असा साक्षीदार तुम्ही नामंजूर कोणत्या आधारावर करणार?"

शेळीचा हा दाखला बळकट होता. मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. त्या जराही डगमगलेल्या दिसल्या नाहीत.

"साक्षीदार थोर आहे, पण त्याची सनद दुसऱ्या खात्याची आहे," त्या म्हणाल्या. "पॉलिंग यांनी स्कॉटलंडमधल्या इवन कॅमेरॉन या डॉक्टरांच्या साहाय्याने 1976 साली असे प्रसिद्ध केले, की कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यांना रोज दहा ग्रॅम क जीवनसत्त्व दिले असता ते अधिक काळ जगतात. पण ताडून पाहण्यासाठी दुसरे रोगी घेतले ते जुन्या दप्तरातून काढलेले. तुमच्याच भाषेत बोलावयाचे तर चालू सालच्या पिकाची आणेवारी मागच्या सालच्या पंचनाम्यावरून ठरविली. मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1979 आणि 1985 साली चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट पाडले, एकाला खरी गोळी दिली, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली, आणि दोहोंत फरक आढळला नाही. राहिली तुमची शेळी. शेळी तयार करते आणि वाहू देते. मनुष्याला तयार करता येत नाही म्हणूनच त्याच्या देहाने काटकसर शिकून घेतली आहे: आपल्या तांबड्या रक्तपेशी वापरून झालेले जीवनसत्त्व आत ओढून घेऊन पुन्हा ताजे करतात, आणि साठा कमी पडू लागला की मूत्रपिंडे गाळलेला कण न् कण परत वसूल करतात. तेव्हा शेळीच्या कमाईवरून माझी गरज ठरविता येत नाही."

"मग गरज ठरविली कशावरून?"

या प्रश्नावर डॉक्टरीणबाई खुलल्या. 1939 साली बोस्टनमध्ये जॉन क्रँडन नावाच्या तरुण शस्त्रवैद्याने स्वतःवर केलेला प्रयोग त्यांनी असा सांगितला, की जणू तो मनुष्य त्यांच्याच वॉर्डात निजला होता. सहा महिने त्याने फळ नाही, भाजी नाही, क जीवनसत्त्वाचा लवलेशही नसलेले अन्न खाल्ले. सहा आठवड्यांच्या आतच रक्तातले क जीवनसत्त्व संपले. तरी मनुष्य हिंडत-फिरत होता. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरून आली. सहाव्या महिन्यात पुन्हा तशीच जखम केली, तेव्हा वरची कातडी मिटलेली दिसली, परंतु आत मांस जुळलेच नव्हते. आणि शिरेतून क जीवनसत्त्व सुरू करताच काही दिवसांत ते जुळून आले. "कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडांचा सांगाडा, हे सगळे ज्या कोलॅजेन नावाच्या दोरीने बांधलेले आहे, त्या दोरीला पीळ देण्याचे काम या जीवनसत्त्वावाचून होत नाही," त्या म्हणाल्या. "पीळ सुटला की हिरड्यांतून रक्त येते, जुनी जखमसुद्धा उकलते. पण हे टाळण्यासाठी लागते किती? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडात शेफील्ड येथे, युद्धावर जाण्यास तत्त्वतः नकार दिलेल्या तरुणांवर हान्स क्रेब्ज यांनी परीक्षा केली, तेव्हा दिवसाला दहा मिलिग्रॅम पुरले. दहा! तुमच्या एका गोळीत शंभर माणसांचा शिधा आहे."

नायबसाहेबांनी हा आकडा सहजासहजी स्वीकारला नाही, आणि त्यांचे ते न स्वीकारणे मला रास्त वाटले. ते म्हणाले, की दुष्काळात मनुष्य मरू नये म्हणून जे धान्य मोजतात, त्याला कोणी पोटभर जेवण म्हणत नाही. स्कर्व्ही न होणे हे आरोग्य नव्हे. मग त्यांनी कुतच्या वेढ्याची गोष्ट काढली. लष्करी इतिहासाचा त्यांना नाद आहे. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंडच्या हाताखाली मेसोपोटेमियात गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या; 1915 च्या डिसेंबरात तिग्रिसच्या काठी कुत येथे तुर्कांनी त्यांना कोंडले, आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली तोवर गोऱ्या सोल्जरांत बेरीबेरी आणि आपल्या शिपायांत स्कर्व्ही असे दोन वेगवेगळे रोग एकाच किल्लेवजा गावात नांदत होते. गोरे लोक घोड्याचे ताजे मांस खात, त्यात थोडे क जीवनसत्त्व होते. आपल्यांपैकी बहुतेकांनी ते धर्मासाठी बरेच महिने नाकारले आणि आट्यावर दिवस काढले. "नदी समोर आणि पोटात भाकरी असूनही त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले," नायबसाहेब म्हणाले. "तेव्हा सरकारी शिध्यात भूक भागविणारे सर्व काही असून हेच एक नसू शकते. म्हणून मी शिध्यावर भरवसा ठेवीत नाही, बरणीवर ठेवतो."

"शिध्यावर ठेवू नका, पण मापावर ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा मिलिग्रॅम ही तळरेषा आहे, हे मान्य. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पुरुषाला 80, बाईला 65 आणि अंगावर पाजणाऱ्या आईला 115 ठरविले आहेत. पण वरची रेषाही आहे. 1996 साली अमेरिकेत मार्क लेव्हाइन यांनी निरोगी तरुणांना रुग्णालयात महिनोगणती ठेवून, चढत्या मात्रा देऊन मोजले: 100 मिलिग्रॅमला पेशी भरल्या, 200 पर्यंत जवळजवळ सगळे आतड्यातून शोषले गेले, त्यापुढे शोषण घटत गेले, आणि जे शोषले गेले तेही रक्त भरल्यावर लघवीवाटे बाहेर पडू लागले. तुमच्या हजारांतले बहुतेक परसदारी जाते. जाताना त्यातले काही ऑक्झलेट होते, आणि तुमचा खडा त्याचाच होता. आता घेऊ ती वेगळी मिसल! स्वीडनमध्ये तेवीस हजारांवर पुरुषांवर सुमारे अकरा वर्षे नजर ठेवली, त्याची हकिकत 2013 साली प्रसिद्ध झाली. नुसत्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाले."

नायबसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मुतखड्याची कळ ज्याने एकदा अनुभवली, त्याला आकडेवारीची फारशी आवश्यकता उरत नाही.

पण ते हटले नाहीत. त्यांनी पडशाचा मुद्दा पुढे केला. येथे माझ्या मते त्यांची बाजू जितकी पडती वाटत होती तितकी ती नव्हती. पडशावरच्या साऱ्या चाचण्या एकत्र तपासून 2013 साली जो अहवाल निघाला, त्यात असे आढळले, की रोज 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्याने सामान्य माणसाला पडसे होण्याचे थांबत नाही. मात्र झालेले पडसे प्रौढांत सुमारे आठ टक्के आणि मुलांत सुमारे चौदा टक्के लवकर ओसरते. पडसे लागल्यावर गोळी सुरू केली तर तेवढाही फायदा खात्रीने दिसत नाही. "सात दिवसांच्या पडशाचे आठ टक्के म्हणजे तेरा-साडेतेरा तास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यासाठी वर्षभर रोज गोळी. आणि महामारीत जिच्यासाठी एवढी झुंबड उडाली, ती अमेरिकेत दिवसाला आठ हजार मिलिग्रॅम देऊन पाहिली, 2021 साली निकाल आला. दुखणे लवकर बरे झाले नाही."

"थांबा," नायबसाहेब म्हणाले आणि त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. "वर्षाला दोन पडशी. साधी गोळी दोन रुपयांची धरली तर तीनशे पासष्ट दिवसांचे सातशे तीस रुपये. वसुली, एक दिवस आणि जवळजवळ तीन तास. वसुलीच्या हंगामात या सौद्याला मी डोळे मिटून मंजुरी दिली असती. शिवाय त्याच अहवालात आणखी एक कलम आहे, ते तुम्ही वाचून दाखविले नाहीत."

डॉक्टरीणबाई हसल्या. ते कलम असे, की मॅरेथॉन धावणारे, बर्फावर घसरण्याचा व्यायाम करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, अशा मिळून सुमारे सहाशे माणसांवरच्या पाच चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांना पडसे जवळजवळ निम्म्यानेच झाले. "मग आमच्या रोवणीच्या बाया?" नायबसाहेबांनी विचारले. "आषाढात दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभे राहणे हे तुमच्या मॅरेथॉनपेक्षा हलके काम आहे काय? तुमचे सगळे साक्षीदार बोस्टनचे, शेफील्डचे, स्वीडनचे. दुधाफळांवर पोसलेले. ज्याची कणगी आधीच भरलेली, त्याने आणखी एक पायली ओतून काही फरक पडला नाही असे सांगितले, तर ती साक्ष रिकाम्या कणगीच्या माणसाविरुद्ध कशी लागू होईल? मला आपल्या मुलखातला साक्षीदार द्या."

याला तोड नव्हती. आणि डॉक्टरीणबाईंची मला सर्वांत भावलेली गोष्ट ही, की आपल्याविरुद्ध जाणारा साक्षीदार त्यांनी स्वतः उभा केला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर आणि दक्षिण भारतातील साठीपुढच्या साडेपाच हजारांवर स्त्रीपुरुषांचे रक्त तपासले होते. उत्तरेकडे शंभरांत चौऱ्याहत्तर आणि दक्षिणेकडे शंभरांत सेहेचाळीस माणसांत क जीवनसत्त्वाचा तुटवडा होता. साधी कमतरता नव्हे, तुटवडा. आणि तो कोणात अधिक? पुरुषांत, वयाने थकलेल्यांत, हाडकुळ्यांत, तंबाखू ओढणाऱ्या-खाणाऱ्यांत, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीवर ज्यांचा स्वयंपाक होतो त्यांत. धूर आणि तंबाखू हे जीवनसत्त्व अंगातच जाळून टाकतात. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यास दिवसाला 35 मिलिग्रॅम जास्त द्यावेत असे अमेरिकेचे कोष्टक सांगते. तेंदूच्या पानांवर ज्या जिल्ह्यातली इतकी कुटुंबे उन्हाळा काढतात आणि तंबाखूचा खर्रा ज्या मुलखात पाहुण्याला सुपारीच्या आधी विचारतात, त्या बालाघाट-गोंदियाच्या पट्ट्यात हा आकडा किती निघेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

"म्हणजे अर्ज मंजूर," नायबसाहेब म्हणाले.

"अर्ज मंजूर, अर्जदार नामंजूर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज नागपुरी संत्रे खाता, जेवणात लिंबू असते, घरी गॅस आहे. विडी तेवढी सोडा. तुमच्या वाड्यामागे जी म्हातारी राहते, चुलीपुढे बसून मिश्री लावते आणि दात पडल्यापासून पेज-भातावर आहे, तिला गोळी द्या म्हणून सांगितले असते तर मीच तुमच्या अर्जावर सही केली असती. तिलाही हजाराची नव्हे, शंभराची. दवाखान्यात हिरड्या सुजून, पायांवर निळे डाग पडून असे एखादे म्हातारे माणूस येते, तेव्हा मी स्वतः गोळ्या लिहून देते, आणि पंधरवड्यात ते माणूस उठून चालू लागलेले पाहिले म्हणजे या औषधासारखे औषध नाही असे मलाही वाटते."

माझे मत विचाराल तर वादाचा सारा गुंता येथेच होता. गोळीत गुण आहे की नाही, हा प्रश्न दोघेही गोळीला विचारीत होते, आणि त्याचे उत्तर तर गोळी घेणाऱ्याच्या रक्तात आधी काय आहे यावर ठरावयाचे. आपल्याकडे औषधांचा व्यापार असा चालतो, की बरणी पुण्याहून निघते ती जेथे संत्री आधीच आहेत त्याच घरी पोहोचते. गावोगाव 'ताकदीची सुई' टोचून देणारे जे अर्धवट वैद्य आहेत, त्यांच्याबद्दल डॉक्टरीणबाईंचा राग वेगळाच होता; शिरेतून भलत्या मात्रेने हे जीवनसत्त्व भरले आणि रोग्याच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असली, तर त्या पेशी फुटतात, आणि ती उणीव आपल्या आदिवासी वस्त्यांत दुर्मिळ नाही.

"मग शंभर मिलिग्रॅम आणावयाचे कोठून?" नायबसाहेबांनी विचारले, आणि उत्तर त्यांनीच दिले. ते जंगलखात्याच्या हिशेबातून बोलू लागले: तेंदूपत्ता, मोह, चार, हिरडा, बेहडा आणि आवळा. कार्तिक-मार्गशीर्षापासून बैगा-गोंड बाया आवळे वेचून आणतात आणि ते किलोच्या भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर जातात; तेथून ते चूर्ण, मुरंबा आणि च्यवनप्राश होऊन शहरात परततात. "ज्यांच्या टोपलीत माल भरलेला, त्यांच्याच घरात त्याचा तुटवडा," ते म्हणाले, "हा प्रकार मी मालगुजारीच्या जुन्या कागदांत धानाच्या बाबतीत पुष्कळ वाचला आहे."

आवळ्याच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंनी आकडा थोडा खाली आणला. जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम छापलेले असत. हैदराबादच्या 2017 सालच्या नव्या कोष्टकात तो आकडा अडीचशेच्या आसपास आहे. तरीही एक मध्यम आवळा म्हणजे दिवसाची बेगमी झाली. जाम, ज्याला पुण्याकडे पेरू म्हणतात, तोही फारसा मागे नाही; शंभर ग्रॅमला दोनशेच्या वर, म्हणजे संत्र्याच्या चौपट-पाचपट, आणि किमतीने संत्र्याहून स्वस्त. 1939-40 साली पंजाबातील हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली, तेव्हा आवळ्याची पूड देऊन रोगी बरे केले गेले. "तेव्हा काकाजी, कुतला जे झाले नाही ते हिस्सारला झाले," त्या म्हणाल्या. मुरंब्याबद्दल मात्र त्यांनी हात झटकले: दीर्घ उकळीत क जीवनसत्त्व तग धरीत नाही, आणि पाक तेवढा राहतो.

आता नायबसाहेबांनी आपल्या मते हुकमी पान काढले. देशात 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत सत्तावन्न पंडुरोगी आहेत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले. अंगणवाडीतून लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात. क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यावयास मदत करते, हे तर डॉक्टरीणबाईही बायांना सांगतात. "मग प्रत्येक लोहाच्या गोळीबरोबर एक क जीवनसत्त्वाची गोळी द्यावी, असा ठराव मी भोपाळला पाठवतो. यावर तुमची हरकत नसावी."

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "2020 साली शांघायच्या रुग्णालयात लोहाच्या उणिवेने पंडुरोग झालेल्या 440 माणसांवर नेमके हेच करून पाहिले. निम्म्यांना नुसते लोह, निम्म्यांना लोह आणि क जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन दोन्हीकडे सारखेच वाढले. गोळीतले लोह मुळातच शोषले जाण्याजोग्या रूपात असते, आणि भरपूर असते. त्याला सोबत्याची फारशी गरज लागत नाही. सोबती लागतो तो भाताला, वरणाला, लाखोळीच्या डाळीला, पालेभाजीला. त्यांतले लोह आतड्यात गंजासारखे बसून राहते. लिंबू पिळले की ते विरघळते, आणि एका जेवणापुरते पाहिले तर शोषण दुपटीच्या वर जाते. महिनोन् महिन्यांच्या मिश्र जेवणात फायदा इतका मोठा दिसत नाही, हेही नोंदवा. पण लिंबाने नुकसान नाही, आणि जेवण होताच जो चहा तुम्ही सगळे पिता, त्याने नक्की आहे. भोपाळला ठराव पाठवायचाच असेल तर चहाविरुद्ध पाठवा."

चहाविरुद्धचा ठराव बालाघाट जिल्ह्यातून जाणे शक्य नाही, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. नायबसाहेबांनी तो मुद्दा तहकूब ठेवला आणि दुसऱ्या बाजूने येऊन विचारले, "आवळा फाल्गुनापर्यंत संपतो. जामाचाही बहर जातो. चैत्र-वैशाखात लिंबू इतके महाग होते, की ते नजरेस पडले तरी पुरे. तीन महिने त्या म्हातारीने काय करावे? तेव्हा तरी माझी बरणी कामास येईल की नाही?"

"येईल. शंभराची आणा, मी तिला देईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बरणी संपली तर? कुतच्या वेढ्याचे वर्णन तुम्ही केलेत, त्याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारिणी जनावरांवर प्रयोग करून याच प्रश्नाचे उत्तर शोधीत होत्या. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते एक दिवस भिजवून, ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवले आणि मोड आले, की त्या मोडांबरोबर तेही तयार होते. रोप आपल्यासाठी ते स्वतः घडविते. अख्खे मूग, अख्खी मटकी पाहिजे. फुटलेल्या डाळीला मोड येत नाहीत. आपल्या बाया उसळीसाठी हे पिढ्यान् पिढ्या करीत आल्या, फक्त नंतर ते इतके शिजवितात, की मोडाने मिळविलेले बरेचसे उष्णतेने आणि पाण्याबरोबर जाते. कच्चे खावे, किंवा नुसती एक वाफ द्यावी."

नायबसाहेबांनी हे ऐकून घेतले, आणि मग, जणू एवढा वेळ ते याच संधीची वाट पाहत होते, असे म्हणाले, "हरकत. म्हातारीला दात नाहीत, हे खुद्द तुमच्याच जबानीत आले आहे. मलाही वरचे नाहीत. कच्चे मूग चावावयाचे कोणी?"

"पाट्यावर वाटावयाचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूठभर मोड, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या, एक हिरवी मिरची, मीठ. जेवायला बसण्याच्या आधी ताजे वाटावयाचे. सकाळी वाटून संध्याकाळपर्यंत ठेवावयाचे नाही. मिरचीत आणि सांबारातही क जीवनसत्त्व असते."

"आणि मिरची सोसत नसेल तर?"

"तर सांबार दुप्पट."

नायबसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कडेला 'मूग, अख्खे' असे लिहून त्याखाली रेघ ओढली.